मुलं मदतीला आली की पाव दगड का होतो?

एकटीने केला तर पाव बरा होतो. पीठ तेच, यीस्ट तेच, ओटीजीही (विजेचा छोटा ओव्हन) तोच. पण रविवारी मुलं ओट्याशी उभी राहिली की तोच पाव बसका, जड आणि मधे गिचका निघतो. मग पहिला संशय यीस्टवर जातो, नवं पाकीट येतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा दगड.

यीस्टची झडती आधी घेऊन टाका, दहा मिनिटांचं काम आहे. अर्धी वाटी कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट घालून ठेवा. दहा मिनिटांत वर दाट फेस आला तर यीस्टकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही. कोमट म्हणजे किती, तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर ना गरम ना गार लागेल इतकंच. ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे यीस्ट मरायला लागतं, आणि चहाच्या पातेल्यातून काढलेलं ‘जरासं गरम’ पाणी सहज त्याच्या वर असतं. उघडलेलं पाकीट हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये. पावसाळ्यात ते ओट्यावर रबर लावून पडलं असेल तर मात्र संशय खरा ठरू शकतो.

यीस्ट जिवंत आहे आणि एकटीने केलेला पाव जमतोय, तर मग कृतीत दोष नाही. मुलांच्या हातून जाताना ती कृतीच बदलते. ती बदलण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: माप, वरून भुरभुरलेली पिठी, अर्धवट मळणं आणि घाई. यातली पहिली तीन दुरुस्त करायला सोपी. चौथीसाठी रविवारचं वेळापत्रकच हलवावं लागतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पुढचं सगळं मी लादी पावाच्या हिशेबाने लिहितेय. मुलांसोबत करायचा तर उभा ब्रेड नकोच. उभ्या ब्रेडला आतपर्यंत भाजायला वेळ लागतो, कापायच्या आधी तासभर गार करावा लागतो आणि एक चूक झाली की अख्खा ब्रेड जातो. लादीत छोटे गोळे एकमेकांना चिकटून फुगतात. शेजारी शेजाऱ्याला धरून ठेवतो, त्यामुळे एखादा वेडावाकडा वळलेला गोळासुद्धा वरच्या दिशेनेच चढतो आणि बाजू मऊ राहतात. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला पाव आपल्याकडे घरोघरी या लादीच्या रूपात रुळला. मुलांना त्याची चव आणि आकार आधीच माहीत असतो, हा आणखी एक फायदा.

प्रमाण असं: मैदा ३०० ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून १९५ मिली, इन्स्टंट यीस्ट एक सपाट छोटा चमचा (साधारण ३ ग्रॅम), साखर २० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम. यात साधारण ६० ग्रॅमचे नऊ गोळे होतात, आणि ते २० सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात तीन-तीनच्या रांगेत बसतात.

माप

कपाने मोजणं मुलांसोबत बंद करा. मोठं माणूस चमच्याने मैदा कपात सोडतं तेव्हा २४० मिलीच्या कपात साधारण १२० ग्रॅम मावतो. मूल कप डब्यात खुपसतं, डब्याच्या कडेला दाबतं, वर हाताने थोपटतं. त्याच कपात १५० ग्रॅम किंवा थोडा जास्तच मैदा जातो. अडीच कपांची कृती असेल तर ३०० ग्रॅमचे पावणेचारशे होतात. पाणी मात्र तेवढंच. मैद्याच्या वजनाच्या ६५ टक्के पाणी असायला हवं होतं, ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. ही पुरीची कणीक झाली. अशा घट्ट गोळ्याला यीस्टचा वायू ताणू शकत नाही.

उपाय म्हणजे डिजिटल वजनकाटा. काट्यावर परात ठेवायची, आकडा शून्य करायचा आणि ‘३०० आला की थांब’ सांगायचं. आकडे ओळखणाऱ्या मुलाला हे काम खेळापेक्षा जास्त आवडतं. अगदी लहान असेल तर तुम्ही आधी मोजून वाट्या भरून ठेवा, त्याने फक्त ओतायचं. मीठ आणि साखरेच्या वाट्या वेगळ्या रंगाच्या घ्या. या दोघांची अदलाबदल झाली तर पीठ दुपारपर्यंत जागचं हलत नाही, कारण इतकं मीठ यीस्टला काम करू देत नाही. मीठ विसरलं तर उलट होतं. पीठ भराभर फुगतं, चिकट आणि ढिलं राहतं, पाव फिकट आणि बेचव लागतो.

पौष्टिकतेच्या हट्टाबद्दल एक शब्द. ‘मुलांना मैदा नको’ म्हणून पहिल्याच पावात पूर्ण गव्हाचं पीठ, वर नाचणी, वर जवस असं करू नका. गव्हाच्या पिठातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कापतो. नाचणी आणि ज्वारीत ग्लुटेन नसतंच. शिवाय आपलं चक्कीचं पीठ पोळीसाठी दळलेलं असतं. त्यातलं स्टार्च दळताना जास्त तुटतं आणि ते पाणी भरपूर पितं. मैद्याचं पाण्याचं प्रमाण त्याला पुरत नाही. आधी मैद्याचा पाव जमू द्या. मग एक तृतीयांश कणीक घाला, पाणी १५ ते २० मिली वाढवा. निम्म्यापर्यंत जाता येतं. नाचणीसाठी ३०० ग्रॅममध्ये ३०-४० ग्रॅमच्या पुढे मी जात नाही.

पिठी

मोजमाप अचूक झालं तरी पाव इथे बिघडतो. पीठ हाताला चिकटतं, मूल ‘ईऽऽ’ करतं, कोणीतरी मूठभर मैदा वरून टाकतं. पुन्हा चिकटतं, पुन्हा मूठ. पाच-सहा मुठींत ६०-७० ग्रॅम मैदा आत गेलेला असतो आणि तो कुठेच मोजलेला नसतो. पाव जड होण्याचं माझ्या पाहण्यातलं एक मोठं कारण हे.

मैद्याचा डबा झाकण लावून कपाटात ठेवा, ओट्यावर नको. चिकटत असेल तर हाताला तेलाचे दोन थेंब किंवा हात नुसता ओला करून झटकायचा. आणि मुलांना आधीच सांगायचं की पहिली पाच मिनिटं पीठ चिकटणारच. त्याहून चांगलं म्हणजे ती पाच मिनिटं टाळायचीच.

कशी, ते असं. मैदा, साखर, यीस्ट आणि दूध-पाणी कालथ्याने किंवा लाकडी चमच्याने नुसतं एकत्र करा, कोरडं पीठ दिसायचं थांबलं की झाका आणि वीस-पंचवीस मिनिटं सोडून द्या. मळायचं नाही. या वेळात मैद्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाणी पिऊन आपसूक जोडली जातात. फ्रान्सचे ब्रेडतज्ज्ञ रेमों काल्वेल यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. त्यांच्या मूळ पद्धतीत यीस्टसुद्धा नंतर घालतात. पण कोरडं इन्स्टंट यीस्ट भिजलेल्या पिठात नंतर नीट मिसळत नाही, म्हणून घरी मी ते आधीच घालते. मीठ आणि लोणी मात्र विश्रांतीनंतर. झाकण उघडाल तेव्हा पीठ निम्मं कमी चिकटतं आणि मळायचं कामही निम्मं उरतं.

मळणं

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनगटात अर्धा किलो पीठ मळायची ताकद नसते. ते दोन मिनिटं मनापासून मळतं, मग थोपटतं, मग त्याचा साप करतं. त्यात गैर काही नाही. गोळ्याचे भाग करून प्रत्येकाला सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा तुकडा द्या, तेवढा त्यांच्या हाताला पेलतो. तळहाताने पुढे ढकला, घडी घाला, वळवा. उरलेला मोठा भाग तुमच्याकडे. पाच मिनिटांनी सगळे तुकडे एकत्र करून शेवटची तीन-चार मिनिटं तुम्ही तिंबा.

झालं की नाही, हे घड्याळाला विचारू नका. लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. पातळ पडदा होऊन त्यातून उजेड दिसला पाहिजे. लगेच फाटला तर आणखी मळा, किंवा दमला असाल तर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. कमी मळलेल्या पावाला जाळी एकसारखी पडत नाही. तो तोडताना भुसभुशीत होऊन चुरा पडतो.

कच्चं पीठ चाखू देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात रोगजंतू असू शकतात. घरात कुत्रा असेल तर खाली पडलेला गोळा लगेच उचला, कारण यीस्टचं पीठ त्याच्या पोटात फुगत राहतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

घाई, आणि झाकण उघडून बघणं

आता मुख्य मुद्दा. रविवारी दहाला सुरुवात होते. मळून होईपर्यंत अकरा. मग ‘तासभर फुगू द्या.’ मुलं दर चार मिनिटांनी झाकण उचलतात, बोट खुपसतात, बाराला भूक लागते, आणि पीठ दीडपट झालेलं असताना ‘झालं असेल’ म्हणून आपण ते डब्यात घालतो. दुसऱ्यांदा फुगायला अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं. असा पाव ओव्हनमध्ये एका बाजूने फाटतो आणि आतून दाट राहतो.

‘तासभर’ हा आकडाही आपल्या स्वयंपाकघराचा नाही. बहुतेक कृती २२-२४ अंशांच्या खोलीत लिहिलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात पीठ पाऊण तासाच्या आतच दुप्पट होतं, आणि तासभर ठेवलं तर ते उतरायला लागतं. डिसेंबरात नाशिकला सकाळी त्याच पिठाला दीड-दोन तास लागतात. इडलीचं पीठ थंडीत येत नाही आणि उन्हाळ्यात उतू जातं, हे आपल्याला माहीतच असतं. इथेही काम तेच तापमान करतं. म्हणून उन्हाळ्यात कोमट पाणी वापरू नका, माठातलं घ्या. थंडीत पीठ बंद ओटीजीत ठेवा, आत वाटीभर गरम पाणी, बटण बंद. परदेशात राहणारे ओव्हनचा फक्त दिवा लावून हेच साधतात.

झाकण उचलण्यावर एक उत्तम तोड आहे. मळून झालं की लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि पिठाच्या उंचीवर रबर लावा. ग्लास मोठ्या भांड्याच्या शेजारीच ठेवायचा, वर बशी. पहारा ग्लासावर. रबरापासून पीठ दुप्पट उंचीवर गेलं की मोठं पीठही तयार. मुलं स्केच पेनने दर पंधरा मिनिटांना खूण करत बसतात आणि मोठ्या भांड्याला कोणी हात लावत नाही. गोल बुडाच्या भांड्यात ‘दुप्पट’ ओळखणं मोठ्यांनाही जमत नाही, त्यामुळे हा ग्लास तुमच्याही उपयोगाचा.

तरीही मुलांना तीन तास एका कामात गुंतवणं हे वेळापत्रकच चुकीचं आहे. मी सुचवेन की पीठ शनिवारी संध्याकाळी मळा. यीस्ट पाऊण चमचा घ्या, पाणी गार. मळल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर, मग तेल लावलेल्या मोठ्या डब्यात घालून, झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये. डबा पिठाच्या तिप्पट हवा, कारण पीठ मधपर्यंत गार व्हायला काही तास लागतात आणि तोवर ते फुगतच राहतं. दहा-बारा तास ते नीट टिकतं, चवही वाढते.

रविवारी सकाळी मुलांच्या हातात येतो तो गार, घट्टसर, जवळपास न चिकटणारा गोळा. लोणी गार झाल्यामुळे आणि पाणी पूर्ण मुरल्यामुळे पिठीची मागणीच होत नाही. मुलांचं काम वीस मिनिटांचं: तुकडे करणं, वजन करणं, वळणं. मग ती खेळायला जातात. गार पीठ असल्यामुळे दुसऱ्यांदा फुगायला तास-दीड तास लागतो. मुलं कंटाळून परत येईपर्यंत ओटीजी तापवायची वेळ झालेली असते. शनिवारचं मळणंसुद्धा त्यांच्यासोबत करता येतं, आणि तेव्हा भुकेची घाई नसते.

वळणं

मुलं दोन्ही तळहातांत लाडू वळतात तसा गोळा वळतात. दिसायला गोल, पण पृष्ठभाग ताणलेला नसतो, म्हणून पाव वर चढण्याऐवजी पसरतो. त्याऐवजी तुकड्याच्या कडा मधे गोळा करून चिमटीत दाबायच्या, चिमटीची बाजू खाली ठेवायची आणि पंजाचा पिंजरा करून गोळा ओट्यावर गोल फिरवायचा. ओटा कोरडा हवा, पिठी नको. पिठी असली की गोळा नुसता घसरतो, ताणला जात नाही. प्रत्येक तुकडा काट्यावर ६० ग्रॅमचा करा, नाहीतर छोटे करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. आपला पाव कुठला हे मुलांना नंतर ओळखायचं असतंच, तेव्हा कोणता कोपरा कोणाचा हे आधीच ठरवा. भांडण वाचतं.

ओटीजीत कधी घालायचं? ओल्या बोटाने कडेला हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश, अर्धवट भरला तर घाला. भरलाच नाही, आणि वास बिअरसारखा आंबूस येतोय, तर जास्त झालं. असा पाव ओव्हनमध्ये मधे बसतो, वरून सुरकुततो आणि साल फिकी राहते, कारण यीस्टने साखर संपवलेली असते. दुसऱ्या फुगवणीत हे लक्षात आलं तर घाबरू नका, गोळे दाबून पुन्हा वळा आणि या वेळी लवकर घाला.

भाजणं

ओटीजी २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. डबा खालच्या फळीवर. छोट्या ओटीजीत वरची काडी इतकी जवळ असते की दहा मिनिटांत वरून सोनेरी आणि आत कच्चा असा पाव होतो. रंग लवकर आला तर वर फॉइल टाका. अठरा ते वीस मिनिटं. लादी काढून बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज यायला हवा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मधल्या पावात ९० अंशांच्या वर.

पहिली दहा मिनिटं दार उघडायचं नाही, कोणीही नाही. या वेळात पाव शेवटचा चढतो. दार उघडलं की छोट्या ओटीजीतली उष्णता झटकन जाते. मुलांना काचेतून बघू दे, पण लांबून, कारण बाहेरची काच हात भाजेल इतकी तापते. फरशीवर रंगीत टेपची एक लक्ष्मणरेषा मारून टाका.

ओटीजी नसेल आणि जाड कढईत तळाशी मीठ घालून भाजत असाल, तर बूड लाल आणि वर पांढरा हा दोष तुमचा नाही, उष्णता फक्त खालून येते. आत भाजला गेला की लादी उलटून तव्यावर दोन मिनिटं ठेवा.

आणि आता मधला गिचकेपणा. अनेकदा तो कच्चेपणा नसतोच. गरम पाव सुरीने कापला की आतलं न बसलेलं स्टार्च सुरीला चिकटतं आणि चिखल होतो. लादी निघाल्यावर डब्यातून लगेच जाळीवर काढा, वरून लोणी लावा, सुती फडकं टाका. वीस मिनिटं. मग सुरी नको, हाताने तोडा. वीस मिनिटं थांबवणं हेच अवघड, म्हणून भाजी परतायचं काम त्या वेळासाठी राखून ठेवा.

घरच्या पावात टिकवणारं काही नसतं. पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते, तेव्हा उरलेले त्याच संध्याकाळी फ्रीजरमध्ये टाका. फ्रीजमध्ये नको, तिथे ते वातड होतात.

एवढं करूनही एखाद्या रविवारी पीठ फुगलंच नाही, तर ते फेकू नका. चमचाभर यीस्ट दोन चमचे कोमट पाण्यात कालवून, पिठाला बोटांनी खळगे करून त्यात मुरवा, मळा आणि पुन्हा ठेवा. तेवढा वेळ नसेल तर गोळे करून मुलांना लाटणं द्या, तव्यावर भाजा आणि वर तूप-लसूण लावून वाढा. आणि आधीच भाजून दगड झालेल्या लादीचा कुस्करा करून मोहरी, कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घालून फोडणी द्या, फक्त पाण्याचा एक हबका जास्त मारा.